एक ग्रॅमचं वजन

मनूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओटीवर वाल निवडत बसले होते. पुण्याहून त्यांचा मुलगा श्रीकांत बोलत होता. "काकू, आई पहाटे गेली. झोपेतच. त्रास काही झाला नाही," एवढंच म्हणाला. "बरं झालं रे, झोपेत गेल्या," असं मीच त्याला म्हटलं, फोन ठेवला आणि पुन्हा सुपासमोर येऊन बसले. निवडलेले आणि न निवडलेले वाल मी एकाच पातेल्यात टाकत होते, हे सूनबाईनं येऊन हात धरला तेव्हा मला कळलं... त्याला आता सहा आठवडे झाले. घरातल्या मुलांना त्या ठाऊक आहेत त्या पुण्याच्या आजी म्हणून, चष्मा लावून शब्दकोडी सोडवणाऱ्या. मला ज्या मनूताई ठाऊक होत्या त्यांच्याबद्दल सांगणारी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

मनूताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, मनोरमा. युद्धाच्या वर्षांत मी लग्न होऊन कर्जतला आले तेव्हा सतरा वर्षांची होते. माहेर खालापूरचं, शिक्षण मराठी चौथीपर्यंत. सासरे डॉक्टर होते, आम्ही त्यांना मामंजी म्हणत असू. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना आणि मागे आमचा संसार. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. माझे यजमान खोपोलीच्या वीजघरात कामाला होते, ते आठवड्यातून एकदा घरी येत. थोरले दीर लष्कराच्या औषध-भांडारात, आसामकडे कुठेतरी. त्यांची पत्रं महिना महिना येत नसत. मामंजींचा कंपाउंडरही लष्करात भरती होऊन गेला होता, आणि त्याच्या जागी औषधं करायला उभ्या राहिल्या होत्या मनूताई. त्या मुंबईत इंटर सायन्सला होत्या. वडील अचानक गेले, कॉलेज सुटलं आणि वर्षाच्या आत लग्न झालं. माहेराहून येताना त्यांनी एक लाकडी पेटी आणली होती. तीत एक नाजूक तराजू होता आणि मखमलीच्या खाचांत बसवलेली वजनं. एक ग्रॅमपासून वरची वजनं पितळेची, गोल. त्याच्याखालची म्हणजे नुसते पातळ पत्र्याचे तुकडे, चिमट्यानं उचलायचे. आम्ही बायका जशी कुंकवाची डबी जपतो तशी त्या ती पेटी जपत.

मामंजींचं सगळं शास्त्र ग्रेन, ड्रॅम आणि औंसांत, मनूताईंचं ग्रॅम आणि सीसींत. दोघांचे त्यावरून रोज वाद चालत, पण गोड वाद. "शंभर सीसीत एक ग्रॅम म्हणजे एक टक्का. किती सोपं आहे, मामंजी," त्या म्हणत. मामंजी चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "असेल बाई सोपं. पण तुझं ते टिंब मला दिसत नाही." मी दारात उभी राहून ऐकत असे. मला त्यातलं काही कळत नव्हतं. कार्बोलिकचा आणि पेपरमिंटचा वास, निळ्या-तपकिरी बाटल्या, आणि पदर खोचून तराजूपुढे श्वास रोखून बसलेल्या मनूताई... ते मला देवपूजेसारखं वाटायचं.

भातकापणीचे दिवस होते. एका सकाळी कडावच्या पलीकडच्या एका पाड्यावरून धोंडू नावाचा शेतकरी आला. तीन दिवसांपूर्वी त्याला मुलगी झाली होती आणि तिचे डोळे चिकटत होते. "पू येतो वो डाक्टर, डोळंच उघडत नाय," तो सांगत होता. मामंजींनी सगळं विचारून घेतलं आणि चिठ्ठीवर लिहिलं: सिल्व्हर नायट्रेट एक टक्का, अर्धा औंस, रोज एकदा दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. मग ते नेरळला एक रोगी पाहायला निघून गेले. मनूताईंनी चिठ्ठीच्या मागे आकडेमोड केली. अर्धा औंस म्हणजे चौदा सीसी, त्याचा एक टक्का म्हणजे चौदा शतांश ग्रॅम. औषध तोललं, ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवलं, तपकिरी बाटलीत भरून धोंडूच्या हातात दिलं आणि थेंब कसा टाकायचा ते दोनदा करून दाखवलं. धोंडू बाटली मुंडाशात गुंडाळून गेला.

दुपारी जेवणं आटोपल्यावर मला दवाखान्यातून हाक आली. "सुमती, इकडे ये." आवाज नेहमीसारखाच होता, पण मी गेले तर त्या तराजूकडे बघत उभ्या होत्या. टेबलावर, चिमट्याशेजारी, एक पितळी वजन होतं.

"हे एक ग्रॅमचं वजन पेटीबाहेर आहे," त्या म्हणाल्या.

"मग ठेवते की आत."

"अगं, सकाळपासून मी एकदाच तोललंय. चौदा शतांशाला हे वजन लागतच नाही. नुसते पत्रे लागतात." त्या खाली बसल्या. "टिंब चुकलं माझं. पॉइंट चौदाच्या जागी मी एक पॉइंट चार तोललं. औषध दहापट कडक गेलंय."

मी म्हटलं, "दहापट म्हणजे गुण लवकर येईल ना, ताई?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. "डोळा जळेल," त्या म्हणाल्या.

त्यांनी कागदावर चार ओळी लिहिल्या, काय चूक झाली ते स्पष्ट शब्दांत, आणि तो मामंजींच्या टेबलावर ठेवला. धोंडूच्या पाड्यावर जायला स्टेशनाबाहेर एकही टांगा नव्हता. वाट बघत न थांबता आम्ही चालायला लागलो. पाठीला माथेरानचा डोंगर, दोन्ही बाजूंना कापलेलं भात, बांधाबांधावर माणसं. लोक आमच्याकडे माना वळवून बघत होते, कारण दवाखान्यातल्या सुना अशा अनवाणी धावत निघालेल्या त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या. हो, वहाणा घालायचं भानच राहिलं नव्हतं. मनूताईंचे फक्त ओठ हलत होते. मला वाटलं रामरक्षा म्हणताहेत. पुढे कित्येक वर्षांनी मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाल्या, "एका थेंबात किती जातं ते काढत होते. पाच मिलिग्रॅम. पुन्हा पुन्हा तेच येत होतं."

कडावला दुकानदारानं सांगितलं की धोंडू इथे बराच वेळ बसला होता, बाळंतिणीसाठी डिंक आणि खारीक घेऊन आत्ताच अर्ध्या तासापूर्वी गेला. तेवढ्यानं आमच्या पायांत बळ आलं. पण पाड्याच्या अलीकडच्या बांधावर पोहोचलो आणि पोरीचं रडणं ऐकू आलं. तान्ह्या पोराचं भुकेचं रडणं वेगळं असतं. हे तसलं नव्हतं.

घरात धोंडू बाटली हातात धरून गोंधळून उभा होता. त्याची आई, पांढऱ्या केसांची, हाडापेराची बाई, पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. डाव्या डोळ्यात एक थेंब गेला होता. "पोर असं वरडलं का मी दुसऱ्यात टाकूच दिलं नाय," म्हातारी म्हणाली. मनूताईंनी बाटली आधी ताब्यात घेतली आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "औषध कडक झालंय. चूक माझी आहे. डोळा लगेच धुवायला हवा." शेगडीशेजारी उकळून निवलेलं पाणी होतं. त्या हात पुढे करणार तोच बाजेवरून बाळंतीण बोलली. "आदी औशद दिलाव, आता पानी देताव? नको. माझ्या पोरीला हात लावू नका." तिचा आवाज अगदी बारीक होता, पण घरातलं कुणी हललं नाही.

मनूताईंनी ओंजळीत तेच पाणी घेतलं, मान मागे टाकली, आणि आपल्या दोन्ही डोळ्यांत ओतलं. डोळे सताड उघडे ठेवून त्या बाळंतिणीकडे वळल्या. "हे बघ. मी आधी माझ्या डोळ्यांत घालीन, मग तिच्या. प्रत्येक वेळी." म्हातारीनं सुनेकडे पाहिलं, मग आमच्या रक्ताळलेल्या पायांकडे. "चालत आलीय गं ती," म्हणाली. "धू दे तिला." आणि पोरगी पुढे केली.

साध्या पाण्यानं धुता धुता त्यांनी मला कामाला लावलं. हे औषध मिठाशी गाठ पडली की निष्प्रभ होतं, पण मीठ फार झालं तर तेही डोळ्याला झोंबतं. रक्तात असतं तेवढंच खारट हवं, शंभराला एकाहून जरासं कमी. घरात तराजू नव्हता. मी एका काटकीच्या दोन टोकांना दोन द्रोण बांधले आणि मधोमध सुतळीनं धरलं. वजनं कुठून आणायची? "धोंडू, अधेली आहे? आणि एक पावली?" मनूताईंनी विचारलं. तेव्हाचा रुपया बरोबर तोळाभर भरायचा, अधेली अर्धा तोळा, पावली पाव. धोंडूनं कनवटीची नाणी काढून दिली. एका हातानं पोरीच्या डोळ्यात धार धरून दुसऱ्या हातानं त्यांनी कोळसा घेतला आणि सारवलेल्या भिंतीवर हिशेब मांडला. शेराचे ऐंशी तोळे, त्याला मीठ पाऊण तोळा, त्यातही चिमूट कमी. मग हात थांबला. "सुमती, बघ गं. बरोबर आहे का?"

भिंतीवरचे ते आकडे आजही माझ्या डोळ्यांपुढे आहेत. "मला नाही येत, ताई," मी म्हटलं.

त्यांनी स्वतःच ते पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून मांडलं. तेच उत्तर आलं. मग मीठ द्रोणात पडलं. ते पाणी आधी त्यांच्या डोळ्यांत गेलं, मग पोरीच्या. पापणीखालून दह्याच्या कणांसारखं पांढरं काहीतरी वाहून आलं. म्हातारी घाबरली. "हे चांगलं आहे," मनूताई म्हणाल्या. "औषध मिठानं बांधलं गेलं. आता ते जाळणार नाही." तांब्यामागून तांब्या संपला. हळूहळू पोर दमून गप्प झाली आणि आईच्या कुशीत जाऊन पिऊ लागली. तिच्या गालावर, जिथे औषध ओघळलं होतं, तिथे काळा डाग उमटत चालला होता. मनूताईंच्या बोटांवरही तसेच डाग होते. म्हातारीनं पोरीचा डाग बघितला आणि म्हणाली, "बरं झालं. देवानंच तीट लावली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी आले. बुबुळाच्या बाहेरच्या कडेला पांढुरका पट्टा होता. "वाट पाहायची," एवढंच ते म्हणाले. मी त्यांच्याबरोबर परतले. मनूताई पाच दिवस तिथेच राहिल्या. दर दोन तासांनी डोळा धुवायचा, आधी आपला, मग तिचा. बाळंतीण त्या पाच दिवसांत त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. पानात वाढलेलं मात्र सासूच्या हातून पाठवत असे.

त्या घरी आल्या तेव्हा मामंजी ओटीवर बसून होते. "मनोरमा, चूक माझीही आहे. मी न बघता निघून गेलो," ते म्हणाले. "पण आता माझे डोळे चालत नाहीत. तुझ्यावर नजर ठेवायला मी पुरा पडत नाही. तेव्हा तू औषधं करणं बंद कर. मी मुंबईहून माणूस मागवतो." मनूताईंनी मान हलवली आणि आत गेल्या. त्यांनी वाद घातला असता तर मी गप्प बसले असते. पण त्या इतक्या निमूट आत गेल्या, की मीच ओटीवर आले. सासऱ्यांसमोर उभं राहून बोलायची ती माझी पहिली वेळ. "मामंजी, मी शिकते. त्या करतील, मी तपासीन. माणूस मिळेपर्यंत तरी." ते मोठ्यानं हसले असते तर मला राग आला नसता. पण ते हसले नाहीत. म्हणाले, "तीन महिने. तोवर ती दोन-चार औषधंच करेल, आणि तू परीक्षा द्यायची माझ्यापुढे."

ते तीन महिने... माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले महिने कुठले, असं कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. स्वयंपाक उरकला की आम्ही दोघी पाट्या घेऊन बसत असू. अपूर्णांक आणि दशांश त्यांनी मला ताकावर शिकवले. अर्धा पेला ताक, अर्धा पेला पाणी. आता ताक किती पातळ झालं? त्यातलं निम्मं घेऊन पुन्हा तेवढंच पाणी घातलं, तर? "कडक घ्यायचं थोडं, पाणी घालायचं पुष्कळ, पण आत विरघळलेलं आहे तेवढंच राहतं. ते वाढत नाही, घटत नाही. तेवढं धरून ठेव, बाकी सगळं आपोआप येतं," त्या म्हणत. पण आपोआप येत नसे. एक गोष्ट मी महिनाभर चुकत राहिले. दहा टक्क्यांचं द्रावण करायचं म्हटलं, की मी शंभर भाग पाण्यात दहा भाग औषध टाकायची. त्या दर वेळी पाटी पुसायच्या. "शंभर पाण्यात दहा नाही. दहात पाणी घालत घालत सगळं मिळून शंभर करायचं." एके दिवशी मी रडकुंडीला आले आणि म्हटलं, "एवढ्यानं काय फरक पडतो?" म्हटलं आणि जीभ चावली. त्या उठल्या, गूळ घेऊन आल्या, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "पुन्हा कर."

परीक्षेत मामंजींनी मला ग्रेन-औंसांत प्रश्न घातले, मुद्दाम. मी त्यांची उत्तरं काढलीच, पण तीच ग्रॅमांतही काढून दाखवली. मुंबईहून माणूस काही मागवला गेला नाही. त्या दिवसापासून दवाखान्यात नियम झाला. चिठ्ठी आली की मनूताई आपल्या पाटीवर हिशेब करत, मी माझ्या पाटीवर, एकमेकींकडे पाठ करून. मग पाट्या समोरासमोर ठेवायच्या. उत्तर जुळलं तरच तराजूचं झाकण उघडायचं. रोगी कुरकुरत. मामंजीही कधी कधी आतून ओरडत, "झालं का तुमचं कीर्तन?" आम्ही उत्तर देत नसू. तीन-चार वर्षांत पाट्या जुळल्या नाहीत असं पुष्कळदा झालं, आणि बहुतेक वेळा चूक माझीच असे. पण एकदा बाळंतपणासाठी कार्बोलिकचं पाणी करायचं होतं, विसात एक, आणि दोन उत्तरं आली. मनूताईंनी आपलं पुन्हा केलं, मग माझं तपासलं. माझं बरोबर होतं. त्यांनी आपली पाटी पुसली, माझी उचलून कपाळाला लावली, आणि कामाला लागल्या. मी मागल्या दारी जाऊन मनसोक्त रडले.

युद्ध संपलं, दीर परत आले, आणि चाळीस सालानंतरचं ते दशक संपता संपता पदविका घेतलेला एक कंपाउंडर दवाखान्यात आला. आम्ही दोघी पुन्हा स्वयंपाकघरात. मनूताईंना राहिलेली परीक्षा द्यायची होती. अर्ज आणला होता, भरलाही होता. पण दिरांची बदली झाली, श्रीकांत पोटात होता, आणि तो अर्ज तसाच राहिला. मी मात्र पुढे मराठी सातवीची फायनल दिली आणि गावातल्या मुलींना बरीच वर्षं गणित शिकवलं. त्यांच्या वाटचं थोडंसं मला मिळालं, असं मला वाटत आलं आहे, आणि ते वाटणं सुखाचं नाही.

त्या पोरीचं नाव हिरा. तिच्या डाव्या डोळ्याच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा पांढुरका ठिपका राहिला. दिसतं, पण त्या डोळ्यानं बारीक काही नीट दिसत नाही. मनूताई दर वर्षी कापणीनंतर तिला बघायला जात. पुढे पुण्याहूनही येत. हिराचं लग्न ठरायच्या वेळी मुलाकडच्यांनी डोळ्यावर बोट ठेवलं, तेव्हा त्या मुद्दाम आल्या आणि त्या लोकांच्या घरी जाऊन बसल्या. "हे जन्माचं व्यंग नाही. तिच्या मुलांना ते होणार नाही. माझ्या हातून औषध चुकलं होतं," असं त्यांनी पाचपन्नास माणसांत सांगितलं. लग्न झालं. मांडवात हिराच्या आईनं सगळ्या बायकांची ओटी भरली, मनूताईंचीही भरली, पण त्यांच्याकडे न बघता. परतताना त्या मला म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे." एवढंच.

गेल्या आठवड्यात हिरा आली होती. आता तिचेही केस पिकलेत. कुणाकडून तरी तिला कळलं होतं. सोबत नव्या तांदळाची पिशवी होती. आम्ही ओटीवर बसलो. तिनं पिशवी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाली, "माझ्या आयनं त्यांना शेवटपरयंत माफ केलं नाय. तुमाला ठाव हाय ना?" मी मान हलवली. "आमी दोगीच असलो का त्या काय करायच्या, ते मातर कुनाला ठाव नाय. खळ्यात नेऊन मला उबी करायच्या. म्हनायच्या, हिरे, चांगला डोळा झाक. आता सांग, काय दिसतं? मी सांगायची. झाड दिसतं, बैल दिसतो. येका वर्सी मी म्हटलं, त्या रचलेल्या भाताच्या उडवीवर चिमनी बसलीय. उगाच म्हटलं, दिसत नव्हती मला. त्या खाली बसल्या आन् मला पोटाशी धरलं. त्यांनाबी कळलं आसंल का मी खोटं बोलले, काय जानं."

"अजून सकाळी उठले का मी तसं करते," ती म्हणाली. "सवय झालीय."

आणि तिथेच, बोलता बोलता, तिनं उजवा तळहात उचलून उजव्या डोळ्यावर धरला आणि डाव्या डोळ्यानं समोर बघत राहिली. अंगणात सून कपडे वाळत घालत होती. पलीकडे रस्ता, त्यापलीकडे माथेरानचा कडा. मला विचारायचा धीर होत नव्हता. पण कुणीतरी विचारायला हवं होतं.

"हिरे, काय दिसतं?"

"डोंगर," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "दोरीवर लुगडं हाय. पिवळं." तिनं मान जराशी कलती केली. "आन् त्याच्या कडंला काय तरी काळं हालतंय. ते नाय सांगता येत."

तो सुनेचा हात होता. मी तसं तिला सांगितलं.